आधी त्याचं नाव सांगा

४ मार्च

आधीच माफी मागते. माझं शुद्धलेखन वाईट आहे, ऱ्हस्व-दीर्घाशी लहानपणापासून वाकडं. टायपिंग दोन बोटांनी चाललंय, त्यातलं एक शोधतं आणि दुसरं दाबतं. एवढं लिहीपर्यंत आत्याचा चहा पिऊन झाला, कप धुऊन झाला. माफी कुणाची मागतेय कोण जाणे, कारण हे कुणी वाचायचंच नाहीये. बाबा, तुम्ही वाचत असाल तर बंद करा.

मी सतरा वर्षांची. शाळा नववीत सोडली. नापास झाले नाही, सोडली, फरक आहे. तेव्हा माझ्या दोन्ही किडन्यांनी संप केला होता आणि मी एक दिवसाआड मशीनवर रक्त धुवायला जायचे. परत वर्गात गेले तर उंची सगळ्यात जास्त आणि मार्क सगळ्यात कमी. सरांनी उभं करून काही विचारलं की घसा बंद व्हायचा. अजून होतो. म्हणून आत्या मला गुळणी म्हणते. तोंडात गुळणी धरून बसते म्हणून. लिहिताना मात्र घसा लागत नाही, त्यामुळे इथे मी वाघीण.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. बाजाराच्या कोपऱ्यावर तिची चाव्या बनवायची टपरी आहे. आई मी लहान असताना गेली, तेव्हापासून घरात आम्ही तिघंच. दोन वर्षांपूर्वी आत्याने तिची एक किडनी मला दिली. ऑपरेशनच्या आधी म्हणाली, "वापर, पण जपून. माझी वस्तू आहे."

आता बातमी. मी धंदा सुरू केलाय. रोपांचा. कागदी कपात मिरची, टोमॅटो, झेंडू. आत्या टपरीवर ठेवते, लोक घेतात. मला कुणाशी बोलावं लागत नाही. झकास.

११ मार्च

सत्तावीस कप गेले!

माती आणि वाळलेलं शेणखत बारीक चाळून घेतलं की मुळं छान धरतात, हे माझं मी शोधलंय. गॅलरीत चाळायला बसले तर समोरच्या बिल्डिंगमधल्या काकू विचारतात, "काय गं, काय करतेस?" मग उत्तर द्यावं लागतं. म्हणून मी अडगळीच्या खोलीत दार लावून चाळते. तिथे खिडकी नाही, पंखा नाही, कुणी बघत नाही. बाहेर येते तेव्हा भुवया पांढऱ्या, नाक शिंकरलं तर काळं. आरशात बघून मीच हसते.

थोडा खोकला आहे. बाबा म्हणाले, "थंड पाणी पितेस." बाबांच्या मते जगातले सगळे आजार थंड पाण्याने होतात.

१७ मार्च

ताप गेले पाच दिवस जातच नव्हता. आज किडनीच्या दवाखान्यात नेलं, तिथून हलूच दिलं नाही, भरती केलं.

फोटो काढला. उजव्या फुफ्फुसात एक पांढरा डाग, कुणी खोडरबराने अर्धवट पुसल्यासारखा. वॉर्डात एक लहान डॉक्टर आहे. लहान म्हणजे वयाने, बूट मात्र दोन नंबर मोठे घालते, लांबून फटक फटक ऐकू येते. तिने विचारलं, "घरात कुणाला टीबी? कबुतरं, कुत्रा, मांजर? कुठे गावाला गेली होतीस?"

मी तिन्हीला मान हलवली. नाही, नाही, नाही. खरंच नाही.

माझ्यासारख्यांचं असं आहे. आत्याची किडनी माझ्या शरीराला परकी, म्हणून शरीर तिच्यावर धावून जातं. तसं होऊ नये म्हणून रोज गोळ्या. आत्या समजावते ते मला सगळ्यात पटतं: "वॉचमन माझ्या किडनीवर भुंकत होता, म्हणून त्याला झोपेची गोळी दिली. आता वॉचमन झोपलाय म्हटल्यावर चोर येणारच." बाकीच्यांच्या छातीत जे चोर शिरून आपोआप बाहेर पडतात, ते माझ्याकडे पथारी टाकतात. आणि लहान डॉक्टर म्हणते असे चोर शंभर प्रकारचे आहेत, काही तर फार क्वचित दिसतात, आणि बाहेरून सगळे सारखेच दिसतात. ताप, खोकला, डाग.

मी मरणार नाहीये. आत्ताच लिहून ठेवते.

१८ मार्च

मला एकटीला खोली मिळाली. टीबी असेल तर बाकीच्यांना नको, म्हणून. बाबांना पण सर्दी झालेली दिसते, मास्कच्या वर डोळे लाल. मी म्हटलं थंड पाणी प्यायलात. ते हसले आणि लगेच हात धुवायला गेले. बराच वेळ नळ चालू होता.

सकाळी सिस्टरने झाकणाची डबी दिली. "गॅलरीत जा, खोकून यात दे," म्हणाली आणि गेली. गॅलरी म्हणजे लिफ्टच्या समोरची उघडी जागा. तिथेच नातेवाईक बसतात, तिथेच चहावाला येतो, आणि तिथेच उघड्या हवेत कफ द्यायचा! माझ्या आधी एक पैलवान होते. साठीचे असतील, मान माझ्या कमरेएवढी. त्यांनी छाती भरली आणि असा काही आवाज काढला की चहावाल्याने कप खाली ठेवला. मग थुंकले. डबीकडे बघवत नव्हतं. हिरवं, पिवळं, तार सुटलेली. शी!

सगळे बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी भिंतीकडे तोंड केलं, हळूच तोंडात गोळा केलं आणि डबीत सोडलं. आवाज शून्य. माझी डबी एकदम स्वच्छ, पाण्यासारखी, बाहेर एक थेंब नाही. वर टिश्यूने पुसून दिली. शाळेत नाही तर नाही, इथे तरी मी पहिली.

२१ मार्च

तीन सकाळी तीन डब्या दिल्या. तिन्हीत काही नाही. टीबी नाही, बुरशी नाही, काही नाही. रक्तातही काही सापडत नाही. मी नमुने अगदी चोख दिले होते, त्यामुळे माझ्याकडून कसूर नाही.

डाग मात्र मोठा झालाय. मशीनमधून फिरवून छातीचे काप काढल्यासारखे फोटो घेतले, त्यात मध्ये पोकळी दिसते. जिना चढले नाही, नुसतं न्हाणीघरात जाऊन आले तरी धाप लागते. नाकात नळी आहे ऑक्सिजनची. बोलायचं नसलं की ती दाखवते. फार सोयीची आहे.

आत्या टपरी बंद करून इथेच बसते. मी म्हटलं जा, गिऱ्हाईकं येतील. म्हणाली, "आज कुणाची चावी हरवली तर बसेल पायरीवर."

२२ मार्च

आज मोठे डॉक्टर आले. त्यांच्या मागे सहा-सात जण, सगळ्यात मागे फटक फटक.

मोठे डॉक्टर वाईट नाहीत. माझ्याशी वाकून बोलतात. म्हणाले, सापडत काही नाही, पण दिसतं टीबीसारखं, टीबी इथे सगळ्यात जास्त, तेव्हा उद्यापासून टीबीच्या गोळ्या सुरू करू.

आत्याने विचारलं, "किडनीचं काय?"

त्यांनी हातातली फाइल मिटली. मग खरं सांगितलं. टीबीच्या गोळ्यांतली एक मोठी गोळी किडनीच्या गोळ्यांना रक्तात टिकू देत नाही. डोस वाढवू, रोज रक्त तपासू. "पण किडनी टिकेलच असा शब्द मी देऊ शकत नाही."

"आणि टीबी नसलाच तर?"

"तर किडनीला उगाच धक्का, आणि आजार तसाच."

आत्या उठून उभी राहिली. ती उभी राहिली की खोली लहान होते. "साहेब, मी चाव्या बनवते. कुलूप बघितल्याशिवाय चावी घासत नाही. तुम्ही आधी याचं नाव सांगा, मग गोळी द्या."

"बाई, घर पेटलंय. कुलूप बघत बसायला वेळ नाही, दार फोडावं लागतं."

"फोडा ना. पण आत माझी किडनी आहे."

कुणीतरी मागे हसलं. मोठे डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, तोंडातून नळी घालून, फुफ्फुस धुऊन ते पाणी तपासता आलं असतं, पण हिचा श्वास इतका कमी आहे की नळी घालतानाच प्रकरण हाताबाहेर जाईल. ते खरंच वाटलं मला. त्यांच्या कपाळावर घाम होता.

मी काय केलं? नाकातली नळी नीट केली.

२३ मार्च

सकाळी बाबा आणि आत्या भांडले. माझ्या पलंगाच्या दोन बाजूंना उभे राहून, माझ्या वरून. मी म्हणजे जशी काही टेबल.

बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. त्यांचं म्हणणं, ज्याचं काम त्याने करावं. "माझ्या लिफ्टमध्ये उभं राहून कुणी मला शिकवलं तर मी ऐकतो का?"

"तू लिफ्ट बंद करून तरी बघतोस ना बिघाड काय ते! की आल्या आल्या दोरच बदलतोस?"

"ताई, पोरगी जाईल हातची!"

"आणि किडनी गेली तर? परत मशीन? आठवतं ना मशीनवर कशी असायची? शेवग्याच्या शेंगेसारखी. आता माझ्याकडे द्यायला दुसरी नाही."

बाबांनी माझी चादर सरळ केली. मग हळू म्हणाले, "माझी जुळली असती तर मीच दिली असती." आणि गेले हात धुवायला. सर्दी बरी होत नाहीये त्यांची.

मग राउंड. मोठे डॉक्टर, पाठीमागे पलटण. सिस्टरच्या हातात गोळ्यांची वाटी. चार गोळ्या, एक विटेच्या रंगाची, केवढी मोठी.

ती वाटी माझ्यासमोर आली आणि काय झालं मला माहीत नाही. मशीन आठवलं. त्या सुया. शेजारच्या खुर्चीवर दर वेळी असणारा एक शिक्षक, जो एक दिवस आला नाही. मी नाकातली नळी काढली आणि म्हणाले, "नाही."

आवाज इतका बारीक आला की सिस्टर म्हणाली, "पाणी हवंय?"

"नाही घेणार. फुफ्फुस माझं आहे. किडनी पण आता माझीच आहे. मला कुणी विचारलंच नाही." धाप लागली, पण थांबले नाही. "आधी त्याचं नाव सांगा."

आत्याचा आ वासलेला. मोठ्या डॉक्टरांनी खुर्ची ओढली आणि बसले. राउंडला ते कधी बसत नाहीत. म्हणाले, "आणि नाव कळलंच नाही तर?"

मी म्हटलं, "शोधलंय कुठे नीट?"

हे मी का म्हटलं मला माहीत नाही. मला काय कळतं त्यातलं. पण म्हटलं खरं.

ते लहान डॉक्टरकडे वळले. "परवा सकाळपर्यंत. तोवर साध्या जंतूंची औषधं चालू ठेवा. ऑक्सिजन घसरला तर मी हिचं ऐकणार नाही, आणि," आत्याकडे बघून, "तुमचं तर मुळीच नाही."

परवा म्हणजे पंचवीस.

ते गेल्यावर आत्या माझ्याकडे बघत राहिली. "गुळणी, हे सगळं आत होतं?"

२४ मार्च

आज जे झालं ते लिहायला हात शिवशिवतायत, पण बोटं तीच दोन.

लहान डॉक्टर सकाळीच आली. म्हणाली, कफ परत तपासू, पण यावेळी आधी खारट पाण्याची वाफ देते, म्हणजे खोलवरचं सुटेल. वाफ घेतली. खारट, घसा सोलल्यासारखा झाला. मग तिने डबी दिली आणि स्वतः माझ्याबरोबर गॅलरीत आली. ऑक्सिजनचं नळकांडं आत्याने ढकललं.

"दे."

मी भिंतीकडे तोंड केलं, तोंडात गोळा केलं, हळूच सोडलं. झाकण लावलं. पुसलं. दिलं.

ती डबीकडे बघत राहिली. उजेडात धरली. मग मला म्हणाली, "आधीच्या तिन्ही अशाच दिल्यास?"

"हो," मी म्हटलं. जरा अभिमानाने.

"अरे देवा," ती म्हणाली आणि भिंतीला टेकली. "आम्ही तीन दिवस तुझी थुंकी तपासतोय!"

मला काही कळेना. थुंकीच तर मागितली होती! मग तिने सांगितलं. तोंडातलं नको असतं, छातीतलं हवं असतं. चोर तळघरात आहे आणि मी त्यांना अंगणातली धूळ नेऊन देत होते. ती स्वतःवरच चिडली होती. "कुणी एकानेही उभं राहून दाखवलं नाही तुला. डबी दिली आणि गेलो. प्रयोगशाळेनेही आली तशी तपासली. चूक आमची आहे."

म्हणजे स्वच्छ डबी ही... मरो.

"आता छातीतून काढ. मोठ्याने."

"इथे?"

"इथेच."

लिफ्टसमोर अकरा-बारा माणसं. चहावाला. पैलवान पण होते, बाकावर बसून सफरचंद खात. मी मान हलवली. नाही होणार.

मग त्या मोठ्या बुटांच्या डॉक्टरने काय करावं? पाय फाकवून उभी राहिली, पोटावर हात ठेवला आणि सगळ्यांदेखत अशी खाकरली की चहावाला म्हणाला, "मॅडम, तुम्ही पण?"

"बघ. मेले का मी?"

पैलवान बाकावरून म्हणाले, "पोरी, घशातून नको, बेंबीपासून काढ. लाजतेस काय? लाजायचं त्याने, जो आत लपलाय."

माझे कान तापले. पण उद्याची सकाळ आठवली. ती विटेच्या रंगाची गोळी. आणि एकदम इतका राग आला मला! त्या डागाचा, लिफ्टसमोर बसलेल्यांचा, सरांचा, उभं करून विचारणाऱ्या सगळ्यांचा. मी श्वास घेतला, जेवढा आत जाईल तेवढा. एकदा खोकले. दोनदा. बरगड्या मोडतायत असं वाटलं. आत्या मागून म्हणाली, "अजून!" आणि खालून, अगदी खालून, मी ओरडले का खाकरले मला माहीत नाही, जनावरासारखा आवाज आला, आणि त्याच क्षणी लिफ्टचं दार उघडलं आणि आत मोठे डॉक्टर.

मी त्यांच्या समोर थुंकले. डबीत.

पिवळट, घट्ट, त्यात खसखशीसारखे पांढरे कण. घाणेरडं. लहान डॉक्टरने ते असं धरलं जसं काही अंगठीतला खडा.

"सर, हा खरा नमुना."

मोठे डॉक्टर डबीकडे बघून म्हणाले, "मग इथे काय करताय? पळा!" ती पळाली. फटक फटक फटक.

पैलवानांनी टाळी वाजवली. मी खोलीत येऊन अर्धा तास खोकत होते आणि हसत होते.

संध्याकाळी

सापडला!!!

लहान डॉक्टर फोनमध्ये फोटो घेऊन आली. भिंगाखाली गुलाबी बारीक धागे, फांद्या फुटलेले, मधे मधे मणी ओवल्यासारखे. टीबीचा नाही. टीबीच्या जंतूला रंग लावून कडक ॲसिडने धुतलं तरी तो रंग सोडत नाही. हा सोडतो. पण भिंगवाल्या सरांनी सौम्य ॲसिडने धुऊन बघितलं तर याने रंग धरून ठेवला. भिंगवाले सर म्हणे खुर्चीवरून उठले आणि शेजारच्या खोलीतल्यांना हाका मारून मारून आणलं बघायला. वर्षात एखादाच दिसतो त्यांना.

"नाव?" आत्याने विचारलं.

"नोकार्डिया."

"हे काय नाव? कुणाची तरी नखरेल सून वाटते."

टीबीच्या गोळ्यांनी हा बरा झाला नसता. याची औषधं वेगळी, आणि ती किडनीच्या गोळ्यांना हाकलत नाहीत. किडनीवर लक्ष ठेवावं लागेल, पण ते ठेवता येतं. आज रात्रीपासूनच सुरू.

मग तिने विचारलं, "हा मातीत राहतो. धूळ नाकातून आत गेली की छातीत उतरतो. तू मातीत काही करतेस का?"

कुणीतरी शेवटी धंद्याबद्दल विचारलं! मी सगळं सांगितलं. रोपं, कागदी कप, चाळण. बारीक चाळलं की मुळं कशी धरतात. अडगळीच्या खोलीत दार लावून करते, म्हणजे बाहेर कचरा होत नाही. इतकं मी अनोळखी माणसाशी आयुष्यात बोलले नसेन.

तिने लिहिता लिहिता पेन थांबवलं. आत्या खाली बघत होती. मग आत्या म्हणाली, "चाळण मीच आणून दिली होती." एवढंच. मला वाटलं होतं रोपांचं ऐकून लहान डॉक्टर खूश होईल.

२६ मार्च

काल मोठे डॉक्टर आले आणि म्हणाले, "नाव कळलं. समाधान?" मी म्हटलं, "हो." ते म्हणाले, "माझंही." मग म्हणाले मी तुझं ऐकलं नसतं तर बरं झालं नसतं, पण दर वेळी पेशंटचं ऐकून चालत नाही, हेही लक्षात ठेव. ठेवलं.

आज डोक्याचा फोटो. ही सून छातीतून डोक्यात पण शिरते म्हणे आणि तिथे संसार थाटते. फोटोच्या मशीनच्या बोगद्यात ठाक ठाक आवाज येत होता आणि मी मनात एकच म्हणत होते, निघ, निघ, निघ.

डोक्यात काही नाही.

आत्या म्हणाली, "हे मी फुकटात सांगितलं असतं." मग बाथरूममध्ये गेली. आता हिलाही सर्दी.

३१ मार्च

रक्तातला किडनीचा आकडा वर गेला, आणि तो वर गेलेला चांगला नाही. जास्त नाही, पण गेला. सगळे माझ्यासमोर हसतात आणि दारापलीकडे कुजबुजतात. मी लहान डॉक्टरला सरळ विचारलं, "जातेय का?" ती म्हणाली, "औषधाने थोडा चढतो. दोन दिवस बघू, डोस कमी करू." मी म्हटलं कुजबुजू नका, आत येऊन बोला. ती आत आली.

घाबरले आहे. लिहून ठेवते, कारण वाघिणी पण घाबरत असतील, फक्त त्यांना टायपिंग येत नाही.

३ एप्रिल

आकडा उतरला. पहिल्यापेक्षाही कमी. ताप नाही. आत्याने सिस्टरला मिठी मारली, सिस्टर म्हणाली, "अहो, सुई आहे हातात!"

प्रयोगशाळेत बशीत पण उगवला तो. साधारण दोन दिवसांत काही दिसलं नाही की बश्या टाकून देतात, पण लहान डॉक्टरने आधीच सांगून ठेवलं होतं की ही टाकायची नाही. खडूच्या चुऱ्यासारखे पांढरे ठिपके. म्हणजे आता कुणी शंका घ्यायला नको.

१४ एप्रिल

घरी. आणि घरी येऊन बघते तर काय, माझी सगळी रोपं गायब! कप, बिया, चाळण, सगळं. अडगळीची खोली फिनेलने धुतलेली. बाबांनी केलं. मला न विचारता.

मी ओरडले. खरंच. समोरच्या काकू गॅलरीत आल्या इतकं.

"तुझ्यासाठीच केलं," बाबा म्हणाले.

"माझ्यासाठी केलं तर मला विचारून करा! माती बंद म्हणजे मी बंद नाही!"

बाबा सोफ्यावर बसले. म्हणाले, "मला भीती वाटली." बाबा असं कधी म्हणत नाहीत. माझा राग निम्मा झाला, पण निम्मा ठेवला मी.

शेवटी ठरलं. औषध वर्षभर. तेवढा वेळ तरी मातीला मी हात लावायचा नाही, मास्क लावूनही नाही, हे लहान डॉक्टरने दोनदा बजावलंय आणि ते मला मान्य आहे. माती आत्या कालवणार, गच्चीवर, पाणी मारून ओली करून. कोरडी चाळायची नाही कुणीच. विकायचं मी. टपरीच्या बाहेर उभं राहून.

"बोलावं लागेल लोकांशी," आत्या म्हणाली.

"मग बोलेन."

२ जून

बरेच दिवस लिहिलं नाही, कारण वेळ नाही. आज तपासणी होती. डाग उरलाय नखाएवढा. किडनीचा आकडा असा की मोठे डॉक्टर म्हणाले, "आत्याबाईंना सांगा, माल चांगला होता." आत्या बाहेरच बसली होती, तिने ऐकलं, "होता नाही, आहे!" असं ओरडली.

वॉर्डात गॅलरीच्या कोपऱ्यात आता कफ द्यायला दार असलेली वेगळी जागा केलीय, वर उघडी, आणि सिस्टर आधी स्वतः खाकरून दाखवते. म्हणजे माझी लाज गेल्यावर यांनी आडोसा केला! लहान डॉक्टरला म्हटलं तसं. तिने नवे बूट घेतलेत, मापाचे, आता ती कधी येते कळतच नाही.

परतताना एका बाईंनी टपरीवर घासाघीस केली. म्हणाल्या, "कपभर मातीत एक काडी, तिचे एवढे पैसे?" मी म्हटलं, "काडी नाही, मिरची आहे. आणि भाव तोच. घ्यायची तर घ्या." घेतली. दोन घेतल्या.

अजून दहा महिने गोळ्या. रोज दोन वेळा, जिभेवर कडू. परत येईल का असं विचारलं तर लहान डॉक्टर म्हणाली, येऊ शकतो, वॉचमन झोपलेलाच राहणार ना. येऊ दे. आला तर मी गॅलरीत उभी राहीन, बेंबीपासून खाकरेन, आणि त्याचं नाव काढून घेईन. मागच्या वेळी उशीर झाला, या वेळी पहिल्या डबीतच.

फुफ्फुस जागेवर. किडनी जागेवर. मी पण.

थांबा, जिन्यात कसला गोंधळ चाललाय बघून येते. आले. वरच्या मजल्यावरच्या एक्क्याऐंशीच्या आजोबांनी लग्न ठरवलंय. स्वतःचं. उद्या सकाळी दहाला. झेंडूचे कप घेऊन वर जाते, असं गिऱ्हाईक सोडायचं नाही.